दांडिया बाजारातलं हे मेडिकल: घरात कुणी क्लोझापिन घेत असेल तर वाचा

बडोद्यात सूरसागर तलावाकडून दांडिया बाजारात शिरलं की एका गल्लीच्या तोंडाशी हे जुनं मेडिकल आहे. शेठना जाहिरात नको असते म्हणून नाव लिहीत नाही. पण या दुकानाबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना सुरू झालं: शेजारी आपल्याबद्दल कट करतायत, बंद पंख्यातून कुणी नाव घेऊन शिव्या देतंय. रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं, दोन्ही पूर्ण डोसमध्ये आणि पुरेसे दिवस. आवाज काही जाईनात. दोन औषधांनी गुण आला नाही की क्लोझापिन द्यावं, हा जगभरचा नियम. डॉक्टरांनी तेच सुरू केलं. आज तो मंगळ बाजारातल्या एका दुकानात हिशेब लिहितो.

पण ही गोळी क्रोसिनसारखी उचलून आणायची नव्हे. क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, इतक्या घसरतात की साधा संसर्ग जिवावर बेततो. १९७५ साली फिनलंडमध्ये असे आठ रुग्ण दगावले आणि बऱ्याच देशांत हे औषध बंद झालं. १९८९ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली ती रक्त तपासत राहण्याच्या अटीवर. आमच्या डॉक्टरांनीही पहिले १८ आठवडे दर आठवड्याला तपासणी करायला लावली, आता महिन्याला करतो.

शेठचं वेगळेपण इथेच. चिठ्ठी पुढे केली की पहिला प्रश्न, "रिपोर्ट लाव्या छो ने, बेन?" मग चष्मा नाकावर घेऊन एकूण पांढऱ्या पेशींच्या ओळीवर बोट ठेवतात, खालचे न्यूट्रोफिलचे टक्के बघतात आणि गल्ल्याशेजारच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करतात. मागच्या वेळी ६,२०० आणि ५८ टक्के होते, म्हणजे ३,५९६. १,५०० च्या वर आहे म्हटल्यावरच कपाट उघडलं. आमची लॅब हा आकडा वेगळा छापत नाही, त्यामुळे हा गुणाकार मी त्यांच्याकडूनच शिकले.

पावसाळ्यात भाऊ घसा धरला म्हणून एकटाच गोळ्या घ्यायला गेला होता. ताप आहे का विचारलं, आहे म्हणाला. शेठनी चोखायच्या गोळ्या दिल्याच नाहीत. आधी डॉक्टरांना फोन कर आणि आजच्या आज रक्त दे, असं सांगून मलाही फोन केला. रिपोर्ट चांगला आला, घसा साधाच होता. तरीही त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. क्लोझापिनवरच्या माणसाला ताप आणि घसादुखी एकदम आली तर थांबायचं नसतं.

दुसरी गोष्ट उत्तरायणाची. १४ आणि १५ जानेवारी, दोन्ही दिवस सगळं बडोदं गच्चीवर पतंग उडवत असतं, दुकानं बंद. हे औषध ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुना डोस परत तसाच सुरू करता येत नाही. डॉक्टरांना विचारून १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. शेठ आठवडाभर आधीच फोन करून स्ट्रिप किती उरल्या विचारतात. दिवाळीलाही तेच.

ते भावाशी बोलतात, माझ्यामार्फत नाही. "पेट बराबर साफ आवे छे ने, भाई?" हे हळूच, काउंटरवर वाकून. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता आतडं बंद पाडण्यापर्यंत जाऊ शकते, आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. त्याने बिडी सोडतो म्हटल्यावरही, डॉक्टरांना सांगून मगच सोड, असं त्यांनी बजावलं. धूर बंद झाला की रक्तातलं औषध वाढतं, डोस बदलावा लागू शकतो.

आता खटकणारं. दुपारी शेठ जेवायला गेले की मुलगा बसतो. तो चिठ्ठी बघून गोळ्या देतो, रिपोर्ट विचारत नाही. असल्या औषधाला हे चालणार नाही आणि मी शेठना तसं तोंडावर सांगितलंय. ऑनलाइन मिळते तशी सूट इथे नाही. मला ती नकोच. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानाने २५ मिलिग्रॅमच्या जागी १०० ची स्ट्रिप बांधून दिली होती. घरी डबी भरताना लक्षात आलं म्हणून निभावलं. इथे शेठ स्ट्रिपवरचा आकडा मोठ्याने वाचून मगच पिशवीत टाकतात. जागा अरुंद आहे, पायऱ्या उंच, वयस्क आईवडिलांना त्रास होतो. गाडी लावायला जागा मिळत नाही, सूरसागराजवळ लावून चालत या.

सकाळी अकराच्या आत गेलात तर शेठ निवांत भेटतात. चिठ्ठी आणि ताजा रिपोर्ट दोन्ही न्या. क्लोझापिनची कंपनी बदलून देत असतील तर ते आधी सांगतात, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. रविवारी बंद.