कुत्र्याला फिरवणं: एकट्यानं की घोळक्यानं?

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी दोन्ही दिसतात: कुणी आपल्या कुत्र्याबरोबर एकटंच, कुणी पाच-सहा जणांच्या घोळक्यात. मी दोन्ही केलंय. आता आठवड्यातून दोनदा घोळका, एरवी मी आणि माझी कुत्री, आम्ही दोघीच.

दोघीच असलो की वेग तिचा. एका झुडपापाशी तीन मिनिटं हुंगायचंय? हुंगू दे. वासातूनच तिला आजूबाजूची खबर कळते आणि घरी आल्यावर ती शांत झोपते. घोळक्यात हे सुख नाही, बाकीचे पुढे निघालेले असतात.

पण इतर कुत्र्यांना बिचकणाऱ्या कुत्र्याला घोळका जे शिकवतो, ते एकट्यानं शिकवता येत नाही. फक्त समोरासमोर गाठ घालू नका. आधी पंधरा-वीस फूट अंतर, सगळ्यांची दिशा एकच, पट्टा सैल. मग हळूहळू जवळ. आमच्या देशी कुत्रीला दोन महिने लागले. ज्या दिवशी मी घाई केली, त्या दिवशी ती पुन्हा गुरगुरली. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आणि माजावर आलेली मादी यांना घोळक्यात नेऊच नये.

टेकडीवर मोर आहेत, त्यामुळे पट्टा दोन्ही वेळा हवाच.