जुन्या लॅपटॉपसाठी स्वस्त एसएसडी: इंदूरच्या बाजारात काय बघून घ्यावी

आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावायची चिपवाली वेगवान डिस्क) लावायची असेल, तर डबीवरच्या वेगाच्या आकड्यापायी जास्तीचे पैसे घालवू नका. ४८० किंवा ५०० जीबीची साधी अडीच इंची साटा (डिस्क मदरबोर्डला जोडायची जुनी पद्धत) एसएसडी आणि पक्कं जीएसटी बिल, एवढं पुरतं. पैसे उरले तर ते रॅममध्ये घाला. ४ जीबीवर चालणाऱ्या मशिनीला ८ जीबी केलं की एसएसडीचा खरा फायदा दिसतो.

साटा-३ ची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिटची आहे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ५५० एमबी. त्यापुढे कोणत्याच कंपनीची साटा एसएसडी जात नाही. २०११ च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपांत साटा-२ असतं, तिथे २८० च्या आसपासच गाडी थांबते. तरीही फरक जबरदस्त पडतो. ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क मोठी फाइल बरी वाचते, पण विखुरलेल्या बारीक फायली वाचताना सेकंदाला एक एमबीही धड देत नाही, आणि विंडोज सुरू होताना नेमकं तेच काम चालतं. आपल्या मशिनीत कोणतं साटा आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘ट्रान्सफर मोड’समोर दिसतं: साटा/३०० (म्हणजे साटा-२) की साटा/६०० (साटा-३).

आता मॉडेल. किंग्स्टन ए४०० आणि क्रुशियल बीएक्स५०० या दोन्ही स्वस्त, दोन्हींत डीरॅम (एसएसडीची स्वतःची वेगवान मेमरी) नाही, दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी. ४८० जीबीच्या ए४०० ला १६० टीबी लेखनाची (एकूण तेवढा डेटा लिहून होईपर्यंतची) हमी आहे, तेवढ्याच बीएक्स५०० ला १२० टीबीची. रोज २० जीबी लिहिलं तरी १२० टीबी संपायला सोळा वर्षं लागतात, म्हणून घरच्या वापरात या आकड्याची धास्ती नको. मात्र एकदम ५०-६० जीबीचे व्हिडिओ टाकले की आतली कॅश (लिहिण्याची वेगवान तात्पुरती जागा) भरते आणि वेग धाडकन खाली येतो. ऑफिसचं काम, टॅली, ऑनलाइन वर्ग यांत हे कधी जाणवणार नाही. व्हिडिओ एडिटिंग असेल तर सॅमसंग ८७० इव्होकडे वळा: डीरॅम आहे, पाच वर्षांची वॉरंटी, ५०० जीबीला ३०० टीबी. अगदी जुन्या मशिनीत तेवढा खर्च करणं आम्हाला पटत नाही. क्रुशियलबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्रुशियलची मालक कंपनी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्राहक ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वॉरंटी सेवा चालू राहील असं कंपनीने सांगितलं आहे, तरी जुना साठा घेताना बिल जपून ठेवाच.

१२० जीबीची घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. विंडोज, अपडेट आणि ऑफिस मिळून निम्मी जागा तिथेच जाते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी हळू चालते. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी राहायला हवी.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला जाण्याआधी लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवरून त्याचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. दुकानदाराच्या ‘भिया, सबमें लग जाएगी’ एवढ्यावर एम.२ ची (थेट मदरबोर्डवर बसणारी) पट्टी घेऊन घरी येऊ नका. २०१५ ते २०१८ मधल्या काही लॅपटॉपांत एम.२ ची जागा असते, पण ती फक्त साटाची. तिथे एनव्हीएमई (साटाहून वेगवान, वेगळ्या पद्धतीची) पट्टी बसली तरी बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशिनीच्या मूळ प्रोग्रॅमला) दिसत नाही. साटा पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. पण काही एनव्हीएमईलाही दोन असतात, म्हणून खाचेपेक्षा लेबलवर भरवसा ठेवा. अडीच इंचीत हा घोळ नाही. एसएसडी ७ मिमी जाडीची असते, जागा ९.५ मिमीची असेल तर २.५ मिमीची प्लास्टिकची चौकट लावा, म्हणजे ती हलणार नाही. दुकानातच सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा. अनोळखी नावाची ‘२ टीबी’ निम्म्या भावात मिळत असेल, तर आत बहुधा छोटी चिप असते. एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

काढायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५ किंवा सी५ या (खराब जागांच्या) ओळींत शून्याऐवजी काही दिसलं, तर क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करायच्या भानगडीत पडू नका, तो मध्येच अडकतो. आधी डेटा बाहेर काढा, मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून नवं विंडोज टाका. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे तेच विंडोज पुन्हा टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. डिस्क ठीक असेल तर यूएसबी-साटा केबलने नवी एसएसडी जोडून क्लोनझिला हा नक्कल करायचा प्रोग्रॅम वापरता येतो. पण लक्ष्य डिस्क लहान असेल तर तो सहसा नकार देतो. ५०० ची हार्ड डिस्क आणि ४८० ची एसएसडी हे जोडपं इथेच फसतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर आधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

उघडताना चार्जर काढा आणि आधी बॅटरी सुटी करा. पीएच०० आणि पीएच० असे दोन स्क्रूड्रायव्हर लागतात. स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी ठेवा; बिजागरीजवळचा लांब स्क्रू पुढे लावला तर तो थेट हात ठेवायच्या भागातून वर येतो. सगळ्यात नाजूक असते ती डिस्कला जोडणारी चपटी फ्लेक्स केबल. तिची काळी पट्टी नखाने हलकेच उचला, ओढू नका. घडी पडलेल्या केबलवर हार्ड डिस्क कशीबशी चालून जाते, पण एसएसडीचा वेग वाढला की चुका सुरू होतात: मशीन मध्येच थबकतं आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत सी७ या (केबलवरच्या चुकांच्या) ओळीतला आकडा वाढत जातो. लोक अशा वेळी एसएसडी परत करायला धावतात. आधी केबल बदलून बघा.

बसवल्यावर एसएसडी बायॉसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही, असं झालं तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला इनिशियलाइज (वापरासाठी तयार) करा. बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय हवा, पण तो विंडोज टाकायच्या आधी बदला. नंतर बदलला तर निळा स्क्रीन येतो.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल आणि तो फक्त चार्जरवर चालत असेल, तर लाईट गेली की लिहिणं अर्धवट तुटतं. स्वस्त एसएसडीत त्यापासून बचावाची सोय नसते, फाइल सिस्टिम बिघडू शकते. अशा मशिनीला बॅटरी आधी, एसएसडी नंतर.

विंडोज १० चा कंपनीकडचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षा-चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या इंटेल मशिनीवर ब्राउझर आणि लिखाणापुरतं काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका. जुनी हार्ड डिस्क धड असेल तर अडीच इंची यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. केस घेताना ती ९.५ मिमीची डिस्क घेते ना, हे तेवढं विचारा.