ओला कचरा टिप्परला द्यायचा, खत करायचं की गॅस?

चाळीस फ्लॅटची इमारत धरा. घरटी चार माणसं, माणशी रोज 400 ग्रॅम कचरा, म्हणजे 64 किलो. त्यातला निम्म्याहून जास्त ओला, साधारण 35 किलो. या 35 किलोंचं काय करायचं, हे कोल्हापुरातल्या ज्या सोसायट्या ठरवतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या इमारतीत तीन वर्षं खताचे हौद चालू आहेत, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे.

सगळ्यात सोपं म्हणजे टिप्पर, म्हणजे महापालिकेची कचरागाडी. दारात येतो, कचरा घेऊन जातो, जागा लागत नाही, माणूस लागत नाही. पण तो कचरा शहराच्या कुणाच्या तरी उशाशीच जातो. लाईन बाजारच्या ‘झूम’ कचरा प्रकल्पावर वर्षानुवर्षांचा ढीग साठला आणि त्याचा वास-धूर कसबा बावड्यातल्या लोकांनी सोसला. ओला कचरा ढिगात दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, आत मिथेन तयार होतो आणि उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते.

‘जाळून वीज करा की’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. आपल्या कचऱ्यात पाणीच एवढं असतं की तो नीट जळत नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली 300 टनांचा असा प्रकल्प उभा राहिला आणि काही आठवड्यांतच बंद पडला. उलट इंदूरला 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला, कारण तिथं ओला कचरा घरातूनच वेगळा येतो.

म्हणून टिप्परच निवडणार असाल तरी वेगळा करून द्या. गेल्या पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यावर टिप्परवरच्या मावशी एक पिशवी उपसत होत्या. वर वरणभात, त्यात चिकटलेल्या दुधाच्या पिशव्या, तळाशी डायपर. हातमोजा एकाच हातात. त्या दिवसापासून आमच्या घरात डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळा जातो.

आता खत. विटांचे जाळीदार तीन हौद, वर पत्रा. एक भरायचा, दुसरा कुजत ठेवायचा, तिसऱ्यातलं काढायचं. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. वजन पाव-एक उरतं. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतं, म्हणून प्रत्येक थरावर कोरडा पालापाचोळा पडलाच पाहिजे. तो चुकला की वास आणि अळ्या, आणि मग तळमजल्यावरच्या काकूंचा फोन. मूठभर मिश्रण दाबलं तर हाताला ओल लागावी, पाणी निथळू नये. आतून ढीग गरम लागला, 55 अंशांच्या आसपास गेला, की काम नीट चाललंय. इथल्या पावसात हेच सांभाळणं अवघड. आपल्याकडे त्यावर फुकटचा उपाय आहे, उसाचं पाचट. शिवारात लोक ते पेटवून देतात. आम्ही टेम्पोभर आणून, बारीक करून पोत्यांत भरून ठेवतो. रविवारच्या मटणाची हाडं मात्र हौदात टाकू नका. ती लवकर कुजत नाहीत, आणि कुत्री येतात.

गॅसचं, म्हणजे बंद टाकीत ओला कचरा कुजवून मिळणाऱ्या बायोगॅसचं, गणित ऐकायला छान आहे. 35 किलोंतून रोज तीनेक घनमीटर गॅस, म्हणजे दीड किलोच्या आत-बाहेर एलपीजी. दहा दिवसांत एक सिलिंडर. आपली हवाही मानवते, कारण जंतूंना ऊब लागते. सुरुवातीला शेण लागतं, ते गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणणाऱ्यांकडे विचारा. शिळा भात, रस्सा सगळं चालतं. लिंबाच्या साली ढीगभर टाकल्या तर टाकी आंबट होऊन बसते. खरी अडचण वेगळीच आहे. तो गॅस जाळणार कोण? चाळीस घरांत वाटता येत नाही. मेस, वसतिगृह, मंगल कार्यालय असेल तर डोळे झाकून गॅस करा. आणि 2019, 2021 ला ज्यांच्या आवारात पुराचं पाणी आलं, त्यांनी टाकी खाली बसवूच नये.

चोवीस तासांत खत देणारी विजेची यंत्रं विकायला येतील. त्यातून निघतो तो वाळवलेला चुरा. भिजला की पुन्हा वास मारतो. वीजबिल वर.

2016 च्या केंद्रीय नियमांत रोज 100 किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं. तुम्ही त्याच्या खाली असलात तरी थोडी मोकळी जागा आणि रोज अर्धा तास देणारा, नीट पगार मिळणारा एक माणूस असेल, तर माझं मत खताच्या बाजूनं. माणूस मिळणार नसेल तर हौद बांधू नका. टिप्परलाच द्या, पण दोन डब्यांत.

आणि ठरलं तर पाचट मार्चच्या आतच आणून ठेवा. ऊसतोड संपली की ते मिळत नाही, आणि जूनमध्ये ओला हौद कोरडा करायला हाताशी काहीच नसतं.