एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? दोन वर्षं वापरल्यानंतर

गाडी पेट्रोल, एएमटी (क्लच न दाबता गिअर आपोआप पडणारी). मूळ वॉरंटी संपत आली तेव्हा पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली, जीएसटी धरून साधारण 17,000 रुपये पडले. आता तीही संपतेय, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. अटींमध्ये एकोणीस-वीसचाच फरक असतो.

शोरूमवाले डिलिव्हरीच्या दिवशीच ती गळ्यात मारतात. "नंतर महाग पडेल, सर." पडते महाग, पण बहुतेक कंपन्यांकडे मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते. लोनमध्ये घातली तर तिच्यावर व्याजही जातंच. मूळ वॉरंटी संपत येईपर्यंत थांबलं की गाडीचा स्वभाव कळतो. माझी दुसऱ्या गिअरला जाताना हिसका द्यायची, म्हणून घेतली.

साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे रांगत असताना डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि गाडी सरळ न्यूट्रलमध्ये जाऊन बसली. बंद करून चालू केली की चार हात पुढे, परत तेच. शेवटी टो करून आणली (टोइंग रोडसाइड असिस्टन्समधून झालं, ते वेगळं प्रकरण). स्कॅनर लावल्यावर गिअरचा अ‍ॅक्च्युएटर (गिअर आपोआप बदलणारा भाग) गेल्याचं निघालं. एस्टिमेट 48,000.

खरी गंमत पुढे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "क्लच घासलाय, त्याचा लोड अ‍ॅक्च्युएटरवर आला. वॉरंटीत बसणार नाही." मी म्हटलं, ठीक आहे, हेच कारण जॉब कार्डवर लिहून सही करून द्या. लिहून कोण देतंय! सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या होत्या, सिस्टीममध्ये दिसत होत्या. मग कंपनीकडे फोटो गेले, अप्रूव्हल आलं, आणि पार्ट यायची वाट बघत गाडी कितीतरी दिवस तिथेच धूळ खात पडली. बदली गाडी वगैरे काही नाही. बिलात अ‍ॅक्च्युएटर आणि त्याची मजुरी शून्य. क्लच सेट आणि ऑइलचे 9,000 माझ्या खिशातून, कारण क्लच झिजणारा पार्ट. ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी यांनाही तोच न्याय. पार्किंगमध्ये उंदरांनी वायरी कुरतडल्या त्याही यात नाहीत, त्या इन्शुरन्सकडे. साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं तर इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर लागतं, वॉरंटीवाले हात वर करतात.

आता खर्चाचं. 17,000 हा आकडा फसवा आहे. वॉरंटी टिकवायची तर प्रत्येक सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपला, तीही ठरलेल्या किलोमीटरच्या आत. आमच्या ओळखीचा मेस्त्री तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतो. शिवाय दरवेळी एस्टिमेटमध्ये थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अमुक कोटिंग घुसवलेलं असतं. ते खोडून घ्यावं लागतं. न विचारता सही केली की गेले दोन-तीन हजार. हा सगळा फरक वॉरंटीच्या किमतीत मिळवून मगच ठरवा.

त्यामुळे साधी मॅन्युअल, बिनटर्बोची पेट्रोल गाडी, रनिंग कमी आणि मेस्त्री भरवशाचा असेल तर मी घेणार नाही. टर्बो, डीसीटी किंवा सीव्हीटीसारखा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सनरूफ असला सरंजाम असेल आणि गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर घ्यावी. मात्र कागदावर गाडीच्या कंपनीचं नाव हवं. डीलरची स्वतःची वॉरंटी गावाबाहेरच्या वर्कशॉपात चालेलच असं नाही. बाहेरून सीएनजी किट बसवायचा बेत असेल तर विचारच सोडा. गाडी विकताना उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करता येते का, तेही आधी विचारून ठेवा. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना तेवढाच एक मुद्दा हातात राहतो.

सहाव्या वर्षासाठी परवाच फोन आला होता. नाही म्हटलं. अ‍ॅक्च्युएटर नवा, क्लच नवा, आणि दिवाळीच्या आधीची सर्व्हिस मेस्त्रीकडे ठरलीसुद्धा.