पिगमेंट प्रिंटरवर चित्रांच्या प्रती : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

चित्रकारांच्या मूळ चित्रांच्या प्रती काढून द्यायच्या म्हणून १७ इंची पिगमेंट शाईचा (म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) प्रिंटर घेतला, त्याला आता आठ महिने होऊन गेले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले होते पण तेव्हा सगळंच छान दिसत होतं, म्हणून थांबले आणि ते बरंच झालं. प्रिंटर चांगला आहे, हे आधीच सांगते. पण पहिले दोन-तीन महिने मी सगळा दोष त्यालाच देत होते आणि चूक भलतीकडेच होती.

झालं असं की एक चित्रकार काका जलरंगातलं चित्र घेऊन आले, अर्ध्याहून जास्त कागदावर आकाश आणि ते सगळं कोबाल्ट ब्लूमधलं. चित्राचा फोटो काढला, मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (म्हणजे रंग खरे दाखवेल असा लावलेला), प्रोफाईल, म्हणजे रंग कसे छापायचे ते प्रिंटरला सांगणारी फाईल, त्याच कागदाचं, सगळं नीट लावलं होतं तरी प्रिंट जांभळट आली. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, हे माझं आकाश नाही." मग मी नोझल (शाई फवारणारी बारीक छिद्रं) चेक केलं, ती छिद्रं असलेल्या हेडचं क्लीनिंग केलं, कागद बदलला, प्रोफाईल बदललं, दोन-तीन दिवस नुसती शाई घालवली, आणि शेवटी मूळ चित्र मॉनिटरशेजारी धरलं तेव्हा दिसलं की फाईलच, म्हणजे मी काढलेला फोटोच, जांभळा आहे! प्रिंटरने फाईलमधलं होतं तेच इमानदारीत छापलं होतं.

कारण नंतर वाचून कळलं. कोबाल्टसारखे निळे रंग निळ्याबरोबर तांबड्याच्या अगदी टोकाचा प्रकाशही परत पाठवतात, आपल्या डोळ्यांना तो जवळपास जाणवत नाही पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला जाणवतो, आणि निळ्यात लाल मिसळला की जांभळा. अल्ट्रामरीनलाही हा त्रास होतो. फोटोत २४ चौकटींचं रंगपत्रक ठेवून कॅमेऱ्याचं प्रोफाईल बनवलं की बाकीचे रंग बरेच जागेवर येतात, पण हे निळे तेवढ्याने येत नाहीत, ते मूळ चित्र समोर ठेवून हाताने, फक्त तेवढाच भाग निवडून दुरुस्त करावे लागतात. काकांच्या आकाशाला मला अकरा टेस्ट पट्ट्या (छोट्या भागाच्या चाचणी प्रिंट) लागल्या. एवढ्या लागतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

त्यामुळे आता माझा सगळ्यात जास्त वेळ फोटो काढण्यातच जातो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशात एकसारखे दोन लाईट, कॅमेरा चित्राला अगदी समांतर, आणि ॲक्रिलिक किंवा तैलरंगाचं चित्र असेल तर लाईटवर पोलरायझिंग फिल्म (ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारी) आणि लेन्सवर तिला आडवा फिरवलेला तसाच फिल्टर, म्हणजे पोलरायझर, म्हणजे रंगाच्या थरावरची चकाकी जाते. पूर्ण घालवली तर मात्र चित्र मेल्यासारखं दिसतं, ब्रशचे फटकारे सपाट होतात, म्हणून मी थोडी चकाकी मुद्दाम ठेवते. ए-टू आकाराला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) साधारण ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल लागतात, माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणून मोठं चित्र तुकड्यांत काढून जोडते.

प्रिंट आणि मूळ चित्र ५००० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या) एकाच लाईटखाली शेजारी ठेवून बघायचं. खिडकीच्या उजेडात जुळलेला रंग रात्री ट्यूबलाईटखाली वेगळा दिसतो, यावरून माझा एकदा वाद झालाय. आणि मॅट कागदावरची प्रिंट लगेच पसंत-नापसंत करू नका, रात्रभर सुकू दे.

कागद मी ३०८ जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) कॉटन रॅग, म्हणजे कापसाचा, वापरते, ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) नसलेला. ब्राइटनरवाला कागद आधी पांढराशुभ्र दिसतो पण त्यातली चमक काही वर्षांनी उतरते आणि कागद पिवळट वाटायला लागतो, चित्राच्या प्रतीला हे नकोच. कॉटनच्या कागदाला बारीक धूळ असते, त्या कणावर शाई पडते, कण नंतर गळतो आणि गडद भागात पांढरा ठिपका उरतो. दोन प्रिंट अशा गेल्यावर आता प्रत्येक कागद आधी मऊ ब्रशने झाडते. कडा वाकलेल्या असतील तर हेड घासतं, तेव्हा कागद आधी सपाट करून घ्या.

मशीनबद्दल म्हणाल तर दोन्ही काळ्या शायांना, मॅट आणि फोटो, वेगवेगळी नोझल आहेत हे फार सोयीचं, बदलताना शाई वाया जात नाही. पण वापर हवाच. मी आठ दिवस बाहेर होते, परत आले तर दोन रंग बंद, आणि क्लीनिंगमध्ये शाई कशी जाते ते मेंटेनन्स टँक (वाया गेलेली शाई साठवणारा डबा) भरला की कळतं. तेव्हापासून दर दोन दिवसांनी एक छोटी रंगीत प्रिंट काढतेच, आणि खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवते.

बरेच चित्रकार विचारतात की "जिक्ले" म्हणजे हेच का. हो, हेच, हे नाव जॅक डुगान यांनी १९९१ मध्ये आयरिस प्रिंटरवरच्या प्रतींना दिलं. त्या सुरुवातीच्या डाय शाया (कणांऐवजी विरघळलेल्या रंगाच्या) लवकर उडायच्या, म्हणून नुसतं नाव ऐकून समाधान मानू नका, शाई पिगमेंटची आहे का आणि कागद कुठला ते विचारा.

एक गोष्ट मात्र जमत नाही. ऑपेरा पिंकसारखे फ्लोरोसंट रंग प्रिंटमध्ये येतच नाहीत, शाई तशी चमकू शकत नाही. हे मी चित्र हातात घेतानाच सांगते, एका ताईंना आधी सांगितलं नव्हतं आणि त्यांचं फूल फिकट आलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला, ते अजून डोळ्यासमोर आहे.

महिन्याला दोन-चारच प्रिंट निघणार असतील तर हा प्रिंटर घेऊ नका, बाहेरून काढून घ्या, फक्त टेस्ट पट्टी मूळ चित्राशेजारी ठेवून बघू देतील अशा ठिकाणी जा. रोज काम असेल तर घ्या, आणि लाईट, पोलरायझर, रंगपत्रकाचे पैसे आधी बाजूला काढून मग प्रिंटर निवडा.