करंट-आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर: आठ महिने रोज ऐकल्यावर

आधी फायदा सांगतो, कारण त्याच्यासाठीच हा खटाटोप केला. ख्याल लावला की मागचे दोन तंबोरे आता वेगवेगळे ऐकू येतात. जवारीचा झणत्कार गायकाच्या आवाजात मिसळून जात नाही. स्पीकर तेच, खोली तीच, फक्त अ‍ॅम्प्लिफायर बदलला.

नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज ठरवतो आणि करंट किती जायचा ते स्पीकरवर सोडतो. पण पडद्याला ढकलणारं बल करंटवर अवलंबून असतं. स्पीकरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, हलताना तिचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) बदलतो, तापली की रोध वाढतो. तांब्याचं तापमान ८० अंशांनी चढलं, तर रोध सुमारे ३१ टक्के वाढतो आणि तेवढ्याच व्होल्टेजवर आवाज दोन डेसिबलहून जास्त पडतो. करंट-आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर करंटच धरून ठेवतो, त्यामुळे द्रुत लयीत तासभर मोठ्याने वाजवलं तरी जोर टिकतो.

अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर-डिझायनर नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॉट एफ१ या करंट-आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरबद्दल वाचून ओढ लागली होती, पण मी घरीच बनवला. दोन एलएम३८८६ अ‍ॅम्प्लिफायर आयसी, स्पीकरच्या निगेटिव्ह टोकापासून ग्राउंडपर्यंत ०.४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, आणि फीडबॅक (आउटपुटची खबर इनपुटला परत देणारा सिग्नल) त्या रेझिस्टरवरून. बहुतेक सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळालं. स्पीकर बंद खोक्यातले पाच इंची फुल-रेंज, म्हणजे सगळा आवाज एकाच पडद्यातून.

पहिली संध्याकाळ मात्र निराशेची होती. डग्गा नुसता घुमत होता, एक घाव दुसऱ्यात सांडत होता. साध्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे हलणाऱ्या कॉइलला विजेचा ब्रेक लागतो. करंट-आउटपुटमध्ये तो ब्रेकच नसतो. माईक लावून मोजलं, तर खोक्याच्या रेझोनन्सपाशी (जिथे पडदा आपसूक जास्त हलतो), ८५ हर्ट्झला, ११ डेसिबलचा उंचवटा! वरच्या पट्टीतही तीन-चार डेसिबल चढ होता, कारण कॉइलच्या इंडक्टन्समुळे एरवी होणारा उतार इथे होत नाही. गाण्यातला ‘स’ टोचायचा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर दोन्हीसाठी फिल्टर बसवले. तीन रविवार गेले, पण नंतर डग्ग्याची घसीट इतकी स्वच्छ ऐकू आली की मी तीच बंदिश पुन्हा लावली. मोजमाप आणि फिल्टरची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊ नका, असं मी मनापासून सांगेन.

तयार टू-वे स्पीकरवरही (खालच्या आणि वरच्या आवाजाला वेगळे पडदे असलेल्या) लावून पाहिला. आवाजाचा तोल पार गेला. आवाज त्या पडद्यांत वाटणारं आतलं सर्किट, म्हणजे पॅसिव्ह क्रॉसओव्हर, व्होल्टेजवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर गृहीत धरून बांधलेलं असतं, ते इथे चुकीच्या जागी कापतं. एकच फुल-रेंज, किंवा प्रत्येक ड्रायव्हरला (पडदा-कॉइलच्या जोडीला) वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, एवढ्यातच याचं खरं काम आहे.

वापरताना दोन गोष्टी पाळतो. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना स्पीकरची वायर काढायची नाही. भार सुटला की आउटपुट थेट सप्लायच्या व्होल्टेजला जाऊन चिकटतं, आणि वायर परत जोडली की पडद्याला धक्का बसतो. हे माझ्याकडून एकदा झालं. स्पीकर वाचला, पण तो आवाज अजून आठवतो. दुसरं, स्पीकरचं निगेटिव्ह टोक ग्राउंडला टेकू द्यायचं नाही, नाहीतर फीडबॅकचा रेझिस्टरच बाजूला पडतो.

जुना अ‍ॅम्प्लिफायर आता टीव्हीला जोडलाय. गाणं यावरच ऐकतो. पुढच्या महिन्यात खोकं काढून याच ड्रायव्हरना उघड्या फळीवर बसवणार आहे. रेझोनन्स खाली येईल, मग फिल्टर नव्याने मोजावे लागतील.