4 मिनिटं, 200 रुपये: घोडबंदर रोडवरचा ओपन माइक

ठाण्यात मानपाड्याजवळच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या एका कॅफेत दर बुधवारी रात्री आठला स्टँड-अप कॉमेडीचा ओपन माइक होतो, म्हणजे नाव नोंदवून कुणीही चढावं असा मंच. स्पॉटचे, म्हणजे स्टेजवरच्या चार मिनिटांचे, 200 रुपये, त्यातले 100 खाण्यापिण्यात वळते. प्रेक्षकांना तिकीट नाही, पण टेबल धरलं की काहीतरी मागवावं लागतं. चाळीसेक खुर्च्या. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालतं.

इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे लाइट, वेळ संपत आल्याची खूण. तिसरं मिनिट संपलं की मागच्या भिंतीपासून मोबाइलचा टॉर्च हलतो, साडेचारला माइक बंद. यूट्यूबवर नाव कमावलेला कुणी नवा सेट (स्टेजवर सलग सांगायचा मजकूर) घासायला आला, तरी त्यालाही तोच टॉर्च. बऱ्याच ठिकाणी असा पाहुणा आला की यादी मोडते, तो पंधरा मिनिटं खातो आणि मागच्या पोरांच्या वाट्याला दमलेले प्रेक्षक येतात. इथे त्याला यादीच्या मध्यावर घेतात आणि नाव आधी जाहीर करत नाहीत. त्यात त्याचाही फायदा आहे. नाव कळलं की लोक त्याच्यासाठी येतात, ओळखीचा चेहरा दिसताच हसायला लागतात, आणि बिट (विनोदाचा तुकडा) चाललं का नुसता चेहरा, हे त्याला कळत नाही. अमेरिकन कॉमेडियन ख्रिस रॉक मोठ्या दौऱ्याआधी न्यू जर्सीतल्या छोट्या क्लबात कच्चा मजकूर घेऊन जायचा, तो उगाच नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र कॅफे नापास. माइक साधा डायनॅमिक, स्टेजवर नेहमी वापरतात तसला आहे, तो ठीक. स्पीकर ठेवलाय कलाकाराच्या पाठीमागे, म्हणजे त्यातून निघालेला आवाज थेट माइकमध्ये परत जातो आणि शिट्टी वाजते. शिट्टी नको म्हणून होस्ट व्हॉल्यूम उतरवतो, मग कलाकार ओरडतो. शेवटचे चार-पाच जण घोगऱ्या आवाजात बोलताना दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, जरा बाजूला सरकवला तरी निम्मी तक्रार मिटेल. तोपर्यंत तुमच्या हातात आहे ते करा. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा आणि जाळीवर मूठ आवळू नका. माइकच्या डोक्याला मागून असलेल्या फटींमुळेच मागचा आवाज कापला जातो. त्या झाकल्या की माइक चहूकडचं ऐकतो आणि शिट्टी आणखी वाढते. रॅपरांचं बघून लागलेली ही सवय विनोदवाल्यांना महागात पडते. स्टँड मात्र आधी मागे नेऊन ठेवा, नाहीतर चारही मिनिटं तो तुमच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहतो.

दुसरा शत्रू मिल्कशेकचा मिक्सर. काउंटर स्टेजपासून दहा फुटांवर, आणि मिक्सर नेमका पंचवर, म्हणजे हसू यायच्या वाक्यावर, फिरतो. होस्टला आधी सांगितलं तर तो काउंटरवर हात करून थांबवतो. सांगितलं नाही तर नाही.

खाण्याबद्दल. वळत्या 100 रुपयांत बहुतेक जण कोल्ड कॉफी घेतात. दुधाने कफ वाढतो असं नाही, पण लाळ दाट झाल्यासारखी वाटते आणि माणूस खाकरत राहतो. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, दुखापत त्याने होते. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन गिळा. पाणी थेट स्वरतंतूंवर जात नाही, अंगात मुरून मग पोचतं, त्यामुळे स्टेजवर चढताना अर्धी बाटली रिकामी करून उपयोग नाही. दुपारपासून थोडं थोडं प्या. वाफ तेवढी थेट पोचते, निघण्याआधी पाच-दहा मिनिटं पुरते. मेनूत पेरी पेरी फ्राइज, चीज मॅगी, तेच ते. संध्याकाळी सहा-सातला घरून पोळी-भाजी खाऊन निघावं. कार्यक्रम साडेदहाला सुटतो, मग अकरा-साडेअकराला चमचमीत जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज बसलेला असतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. ठाण्यातल्या मामलेदारची तिखट मिसळ खायचीच असेल तर शोच्या दिवशी नको.

आठवड्यातून एकदा असं उशिरा जेवण झालं तर निभतं. रोज दोन-तीन शो, पहाटेची विमानं, जेवणाला वेळ नाही, हे वर्षानुवर्षं चाललं की शरीर बिल लावतं. हिंदी स्टँड-अप कॉमेडियन झाकिर खान यांनी ऑगस्ट 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत शो केला आणि पुढच्याच महिन्यात तब्येतीसाठी दौरे आटोपते घेत असल्याचं सांगितलं.

500 रुपयांत कॅफे तुमच्या सेटचा व्हिडिओ देतो. घेऊ नका, निदान सुरुवातीला. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवरचा आहे, त्यात शेजारच्या टेबलाचं हसू मोठं आणि तुमचं वाक्य बारीक येतं. शिवाय कच्चं बिट रीलवर टाकलं की ते ऐकलेले लोक पुढच्या शोला त्यावर हसत नाहीत. क्राउड वर्कची (प्रेक्षकांशी तिथल्या तिथे गप्पा मारण्याची) रील चालतेही, पण मग लोक तेवढ्यासाठीच येतात आणि तुमचा लिहिलेला मजकूर त्यांना मधला अडथळा वाटतो. त्यापेक्षा स्वतःच्या फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करा, फोन पहिल्या रांगेतल्या टेबलावर ठेवून. घरी कागदावर मिनिटामिनिटाला हसू किती आणि कुठे, ते मांडा. पहिलं हसू तिसाव्या सेकंदानंतर येत असेल तर प्रस्तावना कापा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच फार थोडे करतात.

फॉर्म रविवारी दुपारी उघडतो, 14 स्पॉट, संध्याकाळपर्यंत भरतात. मराठी सेट असेल तर तसं लिहा. होस्ट दोन मराठी सेट पाठोपाठ लावतो, म्हणजे दुसऱ्याला तापलेली खोली, आधीच हसायला लागलेले प्रेक्षक, मिळते. रात्री ठाणे स्टेशनपर्यंत रिक्षाला बराच वेळ जातो, तेव्हा ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी-पनवेलकडे जाणाऱ्यांनी पहिल्या पाचातला नंबर फॉर्ममध्येच मागून घ्यावा.